एअरलाइनच्या ट्रेनिंगमध्ये छळवादी इन्स्ट्रक्टर वाट्याला आला तर

ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर (सिम), स्किल टेस्ट, बेस ट्रेनिंग (रिकाम्या विमानात उतरण्याचा सराव) आणि मग प्रवासी घेऊन सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. या सगळ्या काळात नव्या पायलटच्या डोक्यावर कर्ज असतं, कंपनीचा बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असतो आणि दर सेशननंतर एक माणूस त्याच्या फॉर्मवर ग्रेड लिहीत असतो. बहुतेक इन्स्ट्रक्टर मेहनती आणि सरळ असतात. पण एखादा अपमान करणारा, धमकावणारा किंवा हात उगारणारा भेटला की शिकणारी मुलं-मुली सगळं गिळून गप्प बसतात, नाहीतर भडकून एका रात्रीत लांबलचक मेल पाठवून मोकळी होतात. दोन्हींत नुकसान त्यांचंच होतं.

यातून सुटायचं तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी लागते: तुमच्या फ्लाइंगमधल्या चुका आणि समोरच्याचं वागणं, या दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवायचे. छळवादी इन्स्ट्रक्टरची ताकद नेमकी या सरमिसळीत असते. तुम्ही वागणुकीबद्दल बोललात की तो तुमची चूक पुढे करतो, आणि चूक खरीच झालेली असते म्हणून तुम्ही गप्प होता.

कडक कोण, छळवादी कोण

आवाज चढला म्हणजे छळ झाला असं नाही. शॉर्ट फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, स्पीड घसरत असताना "स्पीड!" म्हणून ओरडणारा इन्स्ट्रक्टर आपलं काम करतोय. कमी ग्रेड देणारा, तीच सिंगल इंजिन अप्रोच (एकाच इंजिनावर उतरायला येणं) चार वेळा करून घेणारा, "तयारी करून आला नाहीस, उद्या मेमरी आयटम्स तोंडपाठ पाहिजेत" असं तोंडावर सांगणारा माणूस कडक आहे. त्याच्याबद्दल तक्रार करू नका, त्याच्याकडून शिकून घ्या.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. कडक माणूस चुकीबद्दल बोलतो, छळवादी माणूस तुमच्याबद्दल बोलतो. आईबाप, जात, गाव, रंग, अंगकाठी, लग्न, बाई असणं हे विषय निघाले की ट्रेनिंग संपलं. तसंच हातावर फटका मारणं, चेकलिस्ट फेकणं, ब्रीफिंग न देता सेशन सुरू करणं, सिलॅबसमध्ये नसलेले फेल्युअर एकावर एक टाकून "बघ, जमत नाही" म्हणणं, रात्री-अपरात्री फोन करणं, भेटवस्तू किंवा पैसे सुचवणं, "तुझं रिलीज (देखरेखीशिवाय उडवायची मंजुरी) माझ्या हातात आहे" अशी धमकी देणं, यातलं काहीही शिकवणं नव्हे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक वेगळा अनुभव येतो, इंग्रजी उच्चारांची टर उडवण्याचा. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) इंग्रजीच्या मोजपट्टीवर लेव्हल ४ ही कामासाठीची किमान पातळी आहे. ती तुमच्या लायसन्सवर नोंदलेली असेल तर उच्चारांवरून केलेली थट्टा ही ट्रेनिंगची टिप्पणी ठरत नाही. पण एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण) तुमचा रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणं, खरोखरच दोनदा विचारावा लागत असेल, तर ती उणीव तुमच्या हिशेबात लिहा आणि आरटीचा (रेडिओवरच्या बोलण्याचा) रोज अर्धा तास मोठ्याने सराव करा.

हा प्रश्न फक्त भावना दुखावण्याचा नाही

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं दगावली. क्लिअरन्स (कंट्रोल टॉवरची परवानगी) नसताना टेक-ऑफ सुरू करणारा केएलएमचा कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ ट्रेनिंग कॅप्टन होता, आणि शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरची ७४७ वरची परीक्षा त्यानेच सुमारे दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. २२ मे २०१० ला मंगळूरच्या अपघातात फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड करायला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायला, तीनदा सांगितलं होतं, तरी कॅप्टनने उतरणं चालू ठेवलं. १५८ जण गेले. कॉकपिटमध्ये खालच्या माणसाचा शब्द वर पोहोचला पाहिजे, म्हणून तर क्रू रिसोर्स मॅनेजमेंट हा विषय प्रत्येक एअरलाइनमध्ये शिकवला जातो.

ट्रेनिंगमध्ये ज्याला तोंड उघडल्याबद्दल शिव्या मिळाल्या, तो पुढे लाइनवर "अनस्टेबल, गो-अराउंड" असा कॉलआउट (मोठ्याने द्यायचा ठरलेला इशारा) देताना अडखळणार. तुमची तक्रार लिहिताना हा मुद्दा मनात ठेवा. "मला वाईट वाटलं" यापेक्षा "मी कॉलआउट देणं थांबवलं" हे वाक्य ट्रेनिंग विभाग फार गांभीर्याने घेतो, आणि घ्यायलाच हवं.

सेशन चालू असताना

आधी विमान सांभाळायचं. अपमान ऐकू आला की लक्ष आकसतं, नजर एकाच इन्स्ट्रुमेंटवर खिळते, रेडिओ कानावर पडत नाही. त्यावर उपाय यांत्रिक आहे: एक श्वास, मग पिच, पॉवर, स्पीड, अल्टिट्यूड या क्रमाने नजर फिरवायची आणि पुढचा ठरलेला कॉलआउट स्पष्ट आवाजात द्यायचा. ठरलेले शब्द तोंडातून निघाले की डोकं पुन्हा कामाला लागतं.

उत्तर द्यावंच लागलं तर ते चार-पाच शब्दांचं असू द्या. "नोटेड, सर. कॅन आय फ्लाय इट अगेन?" एवढं पुरे. कारणं सांगत बसू नका. खुलासा सबबीसारखा ऐकू येतो, आणि तुमचा सिमचा वेळही खातो. चार तासांच्या सेशनमध्ये तुमच्या हाताला जेमतेम दोन तास येतात. त्यातली वीस मिनिटं फ्रीज केलेल्या स्क्रीनसमोर बोलणी खाण्यात गेली तर व्यायाम अपुरे राहतात आणि फॉर्मवर "नॉट कम्प्लीटेड" तुमच्या नावावर पडतं. म्हणून सिम किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं, हे मांडीवर बांधलेल्या नीपॅडच्या कोपऱ्यात टिपा.

वागणं हाताबाहेर गेलं तर सिममध्ये तुम्हाला थांबा म्हणता येतं: "सर, आय नीड अ टू मिनिट ब्रेक." उठा, पाणी प्या, परत या. शारीरिक इजा झाली असेल किंवा लैंगिक स्पर्श झाला असेल, तर परत जाऊ नका. सीट मागे घ्या, बेल्ट सोडा, बाहेर या आणि सिम सेंटरच्या ड्यूटीवरच्या माणसाला "सेशन थांबवलं आहे" असं सांगून वेळ नोंदवायला लावा.

खऱ्या विमानात थांबा म्हणायची सोय नसते. "आय हॅव्ह कंट्रोल" ऐकलं की वाद न घालता "यू हॅव्ह कंट्रोल" म्हणून हात सोडायचे, मग माणूस कितीही चुकीचा असो. कंट्रोलवर ओढाताण झाली तर प्रवासी धोक्यात येतात.

मात्र काही इन्स्ट्रक्टर न सांगताच कंट्रोल हलवतात. एअरबस ए-३२० मध्ये दोन्ही साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे शेजारच्याचा हात तुम्हाला जाणवत नाही. दोघांचे इनपुट बेरीज होऊन कंट्रोलला जातात आणि "डुअल इनपुट" असा आवाज येतो. बोइंग ७३७ किंवा एटीआरमध्ये कॉलम जोडलेले असतात, तिथे ओढ हाताला कळते. ए-३२० वर लँडिंग बिघडतं, दोष तुमच्या ग्रेडिंगवर येतो, आणि इनपुट कोणाचं होतं हे मात्र फ्लाइट डेटामध्ये नोंदलेलं असतं. अशी घटना घडली तर त्याच दिवशी सेफ्टी रिपोर्ट टाका. सेक्टर (कुठून कुठे उड्डाण), धावपट्टी आणि आवाज ऐकू आला तेव्हाची साधारण उंची त्यात हवी.

फोनवर लपून रेकॉर्डिंग करण्याचा मोह टाळा. कॉकपिटमध्ये ते कंपनीच्या नियमांत बसत नाही आणि मूळ तक्रार बाजूला पडून चौकशी तुमच्यावरच सुरू होते. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरचाही भरवसा धरू नका. त्याचा वापर मुख्यतः अपघाताच्या तपासासाठी असतो, आणि बऱ्याच विमानांत शेवटचे दोन तासच साठतात.

नोंद कशी ठेवायची

सेशन संपल्यावर, झोपण्याआधी, नोंद लिहा. सकाळी शब्द बदललेले असतात. विशेषणं नकोत, "क्रूर", "भयानक" काही नको. समोरचा जे बोलला ते त्याच भाषेत, अवतरणचिन्हात. आणि स्वतःची चूक लपवू नका, तीही लिहा. चांगली नोंद अशी दिसते (व्ही-वन म्हणजे टेक-ऑफ थांबवायचं ठरवता येतं ती शेवटची गती, क्यूआरएच म्हणजे आणीबाणीच्या चेकलिस्टचं पुस्तक):

"१४ तारीख, पहाटे २ ते ६ स्लॉट, सिम क्र. २. टेक-ऑफ, व्ही-वनला डावं इंजिन फेल, दुसरा प्रयत्न. मी रडर उशिरा दिला, नाक डावीकडे गेलं, सुमारे १० अंश. सर म्हणाले, 'बाप ने पैसा फेंका है, दिमाग नहीं दिया.' क्यूआरएचने माझ्या उजव्या मनगटावर मारलं. सिम ३:४० ला फ्रीज, ३:५२ ला सुरू. पार्टनर डाव्या सीटवर हजर. त्यानंतरच्या अप्रोचमध्ये माझा १००० फुटांचा कॉल राहिला."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण वागण्याचा कामावर झालेला परिणाम तिथे दिसतो. ही नोंद स्वतःच्या खासगी मेलवरून स्वतःलाच पाठवा, म्हणजे तारीख-वेळ आपोआप लागते. कंपनीचा मेल वापरू नका. करार संपवला गेला तर त्याच दिवशी तो बंद होऊ शकतो. मात्र कंपनीची मॅन्युअल्स किंवा गोपनीय कागद खासगी मेलवर ढकलू नका.

सिम पार्टनर हा बहुतेक वेळा एकमेव साक्षीदार असतो. त्याच्यावर दबाव आणू नका. त्याचंही रिलीज त्याच माणसाच्या हातात असतं. दोघांनी आपापली नोंद वेगवेगळी लिहायची, एकमेकांची वाचून शब्द जुळवायचे नाहीत. जुळलेले शब्द चौकशीत संशय वाढवतात. लाइन ट्रेनिंगच्या सुरुवातीच्या सेक्टरना मागच्या सीटवर सेफ्टी पायलट असतो. त्याचं नाव लिहून ठेवा, कारण रोस्टर नंतर दिसेनासं होतं.

फॉर्म, ग्रेड आणि सही

ट्रेनिंग फॉर्मवरची सही म्हणजे कबुली नव्हे, वाचल्याची पोच. तरी मजकुराशी सहमत नसाल तर रिमार्कमध्ये "रेड अँड रिसीव्ड, कमेंट्स टू फॉलो" एवढं लिहा. रिमार्कची जागाच नसेल तर त्याच दिवशी एका ओळीचा मेल ट्रेनिंग कोऑर्डिनेटरला करा. सही करायला साफ नकार देऊ नका, ते असहकार म्हणून नोंदलं जातं.

नापास केलं तर आकडे मागा. "जजमेंट पुअर" या शेऱ्यावर अपील करता येत नाही, "ग्लाइडस्लोपच्या (उतरण्याच्या ठरलेल्या उताराच्या) खाली अमुक इतकं" यावर करता येतं. स्किल टेस्टच्या मर्यादा लेखी असतात. युरोपच्या नियमांत उंचीसाठी साधारण ±१०० फूट, सर्व इंजिनं चालू असताना हेडिंगला ±५ अंश आणि स्पीडला ±५ नॉट, एक इंजिन बंद असताना हेडिंगला ±१० अंश अशी चौकट आहे. तुमच्या कंपनीच्या ट्रेनिंग मॅन्युअलमधला तक्ता पहिल्या सेशनआधी पाठ हवा.

आणखी एक सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते. इन्स्ट्रक्टरच्या पॅनलवरून अप्रोचचा आलेख काढता येतो, त्यात ट्रॅक, उंची आणि स्पीड दिसतं. तो डिब्रिफच्या (सेशननंतरच्या चर्चेच्या) आधी मागा: "सर, कॅन वी सी द प्लॉट?" पुढच्या बॅचचा स्लॉट सुरू झाला की तो पुसला जाऊ शकतो. आलेख तुमच्या विरोधात गेला तरी हरकत नाही. नेमकं कुठे बिघडलं हे कळलं, आणि ते कळणं हाच तर ट्रेनिंगचा हेतू आहे.

तक्रार कुठे आणि कशी

किरकोळ वागणूक असेल तर आधी त्याच माणसाशी बोला, डिब्रिफ संपल्यावर, एकट्याने, दोन वाक्यांत: "सर, ओरडलं की माझे कॉलआउट्स सुटतात. चूक सांगितलीत तर मी लगेच दुरुस्त करतो." काही जणांना आपण किती चढलोय हे खरंच कळलेलं नसतं. मात्र मारहाण, जात, लैंगिक वर्तन किंवा पैशांची मागणी असेल तर ही पायरी गाळा, थेट वर जा.

वर म्हणजे फ्लीटचा ट्रेनिंग कॅप्टन किंवा चीफ ऑफ ट्रेनिंग. तो स्वतःच वादात असेल तर एचआर आणि कंपनीची एथिक्स किंवा व्हिसलब्लोअर व्यवस्था. मेल एक झोप झाल्यावर पाठवा, पण तीन दिवसांच्या आत. एका स्क्रीनवर मावेल एवढाच असावा. पहिल्या परिच्छेदात तारखा आणि घटना, दुसऱ्यात ट्रेनिंगवर झालेला परिणाम, तिसऱ्यात मागणी. मागणी ठोस हवी: उरलेली सेशन्स दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे, किंवा पुढच्या सेशनला स्टँडर्ड्सचा निरीक्षक, किंवा वाया गेलेल्या वेळेची भरपाई. "कारवाई करा" एवढंच लिहिलेला मेल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो.

स्वतःच्या ग्रेडबद्दलची हरकत या मेलमध्ये घुसडू नका. त्यासाठी दुसरा मेल, वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आले की वाचणारा म्हणतो, "नापास झाला म्हणून तक्रार करतोय." व्हॉट्सॲप ग्रुप आणि सोशल मीडिया तर पूर्ण वर्ज्य. तिथे टाकलेला एक स्क्रीनशॉट तुमच्या खऱ्या तक्रारीला बदनामीच्या वादात ओढून नेतो.

सेफ्टी रिपोर्टची व्यवस्था वेगळी आहे. न सांगता घेतलेला कंट्रोल, १०,००० फुटांखाली, जिथे कामापुरतंच बोलायचं असतं, चाललेली शिवीगाळ, दाबून टाकलेला गो-अराउंडचा कॉल, हे तिथे जातं. निनावी रिपोर्टपेक्षा नाव देऊन गोपनीय ठेवायला सांगितलेला रिपोर्ट बरा, कारण निनावी रिपोर्टवर कोणी उलट प्रश्न विचारू शकत नाही आणि तो तिथेच विरतो.

कायदा कुठे हात देतो

महिलांसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, म्हणजे सगळे ज्याला पॉश म्हणतात तो, प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीने दिलेली वाहतूक हेही कामाचं ठिकाणच धरलं जातं, त्यामुळे परगावचं सिम सेंटर, लेओव्हरचं हॉटेल आणि पिकअपची गाडी यांना तो लागू होतो. अंतर्गत समितीकडे घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी.

यातली पायलटसाठी सर्वांत मोलाची तरतूद नियमावलीच्या नियम ८ मध्ये आहे. चौकशी चालू असताना त्या व्यक्तीने तक्रारदार महिलेच्या कामाचं मूल्यमापन करू नये आणि ते काम दुसऱ्याकडे द्यावं, अशी शिफारस समिती करू शकते. पण त्यासाठी तुम्ही लेखी मागणी करावी लागते. तक्रारीच्या शेवटच्या ओळीत ती मागणी लिहा. पुरुष प्रशिक्षणार्थींना हा कायदा लागू नाही. त्यांनी कंपनीच्या आचारसंहितेखाली एचआरकडे जायचं.

जातीवरून अपमान झाला आणि तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ लागू पडतं. अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा अशी त्यात अट आहे, म्हणून तिथे कोण कोण हजर होतं हे नोंदीत नावानिशी हवं. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. वळ दोन दिवसांत जातो, कागद राहतो. घटना गुरुग्रामला किंवा हैदराबादला घडली आणि तुम्ही पुण्याला घरी परतलात, तरी पुण्याच्या पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. तो पुढे हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवला जातो. मात्र पोलिसांकडे जाण्याआधी तासभर तरी वकिलाशी बोला, बाँडची प्रत सोबत घेऊन.

बाँडचा विषय निघालाच आहे तर, रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) २०१७ च्या नियमात फर्स्ट ऑफिसरसाठी ६ महिन्यांचा नोटीस काळ आहे, आणि अर्धवट ट्रेनिंगवर दुसरी एअरलाइन मिळणं अवघड जातं.

शरीर, झोप, मेडिकल

छळाच्या काळात पहिल्यांदा झोप जाते, आणि पहाटेच्या स्लॉटला झोपेविना गेलेला पायलट खरंच वाईट उडवतो. क्लास वन मेडिकल (पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) जाईल या भीतीने अनेक जण कोणाशीच बोलत नाहीत आणि मेडिकलच्या दुकानातून झोपेची गोळी आणतात. हे करू नका. गोळी आधी एव्हिएशन मेडिसिनच्या डॉक्टरला विचारूनच. कंपनीत पिअर सपोर्टची सोय असेल तर तिथे फोन करा. समोर पायलटच असतो, आणि बोलणं ट्रेनिंगच्या फाइलमध्ये जात नाही. ड्यूटीच्या दिवशी मन थाऱ्यावर नसेल तर अनफिट कळवा. तो तुमचा अधिकार आहे आणि जबाबदारीही.

इन्स्ट्रक्टर बदलून मिळाल्यावर

नव्या इन्स्ट्रक्टरसमोर जुन्याचं नाव काढू नका. तो बहुधा सगळं ऐकून आलेला असतो. पहिल्या ब्रीफिंगला एवढंच सांगा: "व्ही-वन कट आणि सिंगल इंजिन गो-अराउंड कच्चं आहे, तिथे वेळ हवा." मागच्या सेशनच्या नोंदींतून स्वतःच्या चुका वेगळ्या काढून त्यांची यादी आधीच तयार ठेवा. पहिली दोन सेशन्स हात थोडे आखडतील. ओरडा येईल म्हणून शरीर आधीच ताठरतं, आणि ए-३२० वर ते साइडस्टिकच्या बारीक झटक्यांत दिसतं. घरी कॉकपिटच्या पोस्टरसमोर बसून, कॉलआउट मोठ्याने देत, हात सैल ठेवून रोज दहा वेळा तेच फ्लो (बटणं-स्विचेसवर हात फिरवायचा ठरलेला क्रम) केले की ते ओसरतं.

नोंदवही मात्र रिलीज चेक होईपर्यंत आणि तक्रारीचा निकाल लेखी हातात येईपर्यंत चालू ठेवा. जुना इन्स्ट्रक्टर चेकसाठी पुन्हा रोस्टरवर दिसला तर चेकच्या आदल्या रात्री नव्हे, रोस्टर निघाल्याच्या दिवशी, आधीच्या मेलचा दाखला देऊन बदल मागा.